दाब वाढला की बर्फ किती अंशाला वितळतो: तार आणि तरफ, दोन प्रयोगांच्या नोंदी

बर्फाच्या लादीवर वजन लावलेली तार ठेवायची, ती हळूहळू आरपार जाते आणि लादी मात्र अखंड राहते. पुनर्हिमायनाचा (दाबाने वितळलेला बर्फ दाब गेला की पुन्हा गोठण्याचा) हा प्रयोग १८७२ मध्ये बॉटमली यांनी दाखवला आणि आपल्याकडे दहावीची मुलं तो शिकतात. शाळेच्या टेबलावर तो करून पाहिला की तार जाते खरी, पण ती दाबामुळे गेली की खोलीच्या उष्णतेमुळे, हे त्यातून कळत नाही. या नोंदी ते वेगळं काढण्यासाठी आहेत. पुढच्या भागात वितळण्याचं तापमान दाबाखाली किती उतरतं ते थेट मोजलं आहे.

४ एप्रिल: आधी हिशेब

तारेखालचा दाब काढायला एकूण भार भागिले (तारेचा व्यास × लादीची रुंदी). इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. व्यासाऐवजी तारेचा अर्धा परीघ धरला तर उत्तर चुकतं. तार दोन बाजूंनी खाली येते म्हणून भार निम्मा धरला तरी चुकतं. बर्फावर पूर्ण भार येतो, निम्मा फक्त तारेच्या एकेका बाजूवर येतो.

तार ०.५ मिमी, लादी १० सेंमी रुंद, भार ५ किलो. दाब ०.९८ मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ १० वातावरण. बर्फाचा द्रवणांक दर मेगापास्कलला ०.०७४ अंशाने उतरतो. म्हणजे तारेखालचा बर्फ शून्याऐवजी उणे ०.०७ अंशाला वितळणार.

सगळा प्रयोग या सात शतांश अंशांत बसवायचा आहे. लादी तेवढीशीही जास्त थंड असली तर तार हलणार नाही, आणि बाहेरची थोडी उष्णता आत शिरली तर ती दाबाचं काम झाकून टाकेल. खालच्या बहुतेक अडचणी या एकाच कारणाच्या आहेत.

६ एप्रिल: लादी

कारखान्यातला बर्फ स्वस्त आणि हवा तेवढा मिळतो, पण लादीचा गाभा पांढरा असतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं, तेव्हा विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी ढकलले जातात. त्या पांढऱ्या भागात तार शिरली की कुठे आहे ते दिसत नाही. शिवाय क्षारांमुळे तिथला बर्फ शून्याच्या आधीच ओलसर होतो. लादीच्या कडेचा काचेसारखा भाग करवतीने कापून घेतला तर काम भागतं. टोच्याने फोडू नये, आतून तडे जातात.

घरी करायची तर अशी: २० × १० सेंमी तळाचा, १५ सेंमी उंच प्लास्टिकचा डबा, बाजूंना आणि तळाला ४ सेंमी थर्मोकोल, वरचं तोंड उघडं. डिस्टिल्ड पाणी उकळून, थोडं निववून ओतायचं. गोठणं फक्त वरून खाली होतं आणि हवा खालच्या पाण्यात ढकलली जाते. वरचा १० सेंमी गोठला की खालचं उरलेलं पाणी फोडून ओतून द्यायचं. साध्या फ्रीझरमध्ये उणे १८ ला याला अडीच-तीन दिवस लागतात, कारण शांत हवा उष्णता फार सावकाश नेते. पहिला डबा एका दिवसात बाहेर काढला, त्यात जेमतेम ४ सेंमी बर्फ होता. घाई करून उपयोग नाही. बोअरच्या पाण्याची लादी मात्र कितीही सावकाश गोठवली तरी तळाशी दुधाळच राहिली.

११ एप्रिल: उघड्या खोलीत, ३३ अंश

दोन स्टुलांवर आडवी लादी, तिच्यावर शेजारी शेजारी तीन तारा, एकमेकींपासून ५ सेंमीवर:

अ) मोटार वाइंडिंगची तांब्याची तार, २५ गेज (०.५१ मिमी), ५ किलो
ब) तीच तार, फक्त ताणून राहण्यापुरते १०० ग्रॅम
क) ०.५० मिमी तंगूस (नायलॉनचा गळाचा दोरा), ५ किलो

ब ला लावलेल्या १०० ग्रॅमने द्रवणांक ०.००१५ अंश उतरतो, म्हणजे व्यवहारात काहीच नाही. तरीही ब खाली उतरली, आणि चांगली उतरली. अ तिच्या पुढे होती, पण फरक पाहायला फूटपट्टी लावावी लागली. तंगूस लादीच्या वरच्या पृष्ठभागात जेमतेम रुतली.

कारण सरळ आहे. तांबं उष्णतेचं उत्तम वाहक. लादीबाहेर लोंबणारी तार खोलीतली उष्णता गोळा करून आत नेते. हिशेब केला तर दोन्ही बाजू मिळून साधारण ०.१ वॅट होतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अर्धा मिमी रुंद फट पाडायला एवढी उष्णता तासाला दोन-अडीच सेंमी पुरते. म्हणजे खोलीत केलेल्या प्रयोगात तांब्याच्या तारेचा निम्मा किंवा त्याहून जास्त प्रवास दाबाचा नसतोच.

हे ओळखायची खूण तारेच्या आकारात आहे. दोन्ही तारा लादीत धनुष्यासारख्या वाकल्या होत्या: कडेला खोल, मध्ये उंच. उष्णता कडेने येते म्हणून कड आधी वितळते. कडेची फट पुन्हा गोठलीही नाही, पाणी वाहून गेलं आणि खाच उघडी राहिली. आतला अ चा मार्ग मात्र गोठून बंद झाला होता आणि तिथे बारीक बुडबुड्यांची एक पातळ चकती दिसत होती.

आणखी एक: ५ किलोला तांब्याची तार लांबते. दर बाजूवर अडीच किलो, म्हणजे मऊ तांब्याच्या ताण सोसायच्या मर्यादेपलीकडे. बादली काही सेंमी खाली आली, त्यातला बराच भाग तारेच्या लांबण्याचा होता. म्हणून तारेची प्रगती बादलीवरून मोजू नये. लादीच्या पुढच्या बाजूला फूटपट्टी लावून तार जिथे दिसते तिथेच मोजावी.

१३ एप्रिल: मग फ्रीझरमध्येच का नको?

बाहेरची उष्णता टाळायला सगळी मांडणी डीप फ्रीझरमध्ये नेऊन ठेवली. रात्रभरात तार तसूभर हलली नाही, उलट लादीला घट्ट चिकटली. होणारच होतं. उणे १८ ला बर्फ वितळवायला १८० मेगापास्कलच्या घरात दाब लागतो. आपल्या तारेवर त्यासाठी ९०० किलोहून जास्त भार टांगावा लागेल, आणि ०.५ मिमीची उत्तम पोलादी तारही दर बाजूला ४० किलोच्या आसपास तुटते. दाबाची ही युक्ती उणे २२ अंशांपर्यंतच चालते. तिथे सुमारे २०९ मेगापास्कल होतात आणि त्यापुढे बर्फाची रचनाच बदलते.

१५ एप्रिल: लादी शून्यावर आणणं

फ्रीझरमधून काढलेल्या लादीवर लगेच पाणी ओतलं की ती टचकन तडकते. तशीच वापरली तर वेगळी अडचण येते: तार वरचे एक-दीड सेंमी जाते आणि मग अडते. पृष्ठभाग शून्यावर आलेला असतो, गाभा अजून उणे दोन-तीनवर. त्या गाभ्यापाशी तारेखालचं पाणी गोठतं आणि तार धरली जाते.

उपाय म्हणजे वाट पाहणं. लादी फडक्यावर ठेवायची, वर दुसरं फडकं. पृष्ठभागावरची पांढरी दव-झाक जाऊन सगळीकडे पाणी सुटलं की तिथून पुढे आणखी तासभर, तेही झाकलेल्या थर्मोकोलच्या पेटीत. १० सेंमी जाडीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला एवढा वेळ लागतोच. चाचणी सोपी आहे: लादीच्या टोकाला ३ मिमीचं भोक मध्यापर्यंत पाडायचं आणि त्यात गार पाण्याचे चार थेंब सोडायचे. गोठले तर गाभा अजून थंड आहे.

२० एप्रिल: पेटी आणि जोडतार

मासे पाठवायची थर्मोकोलची पेटी घेतली. तळाला पाणी निचरायला भोक, तारा उतरायला दोन चिरा. लादी दोन लाकडी पट्ट्यांवर, आजूबाजूला ठेचलेला ओला बर्फ, पण लादीला न टेकता. झाकण लावलं की आतली हवा एक-दोन अंशांवर राहते.

तरीही चिरांमधून बाहेर गेलेली तार उष्णता आत आणत होती. त्यावर जे चाललं ते असं: धातूची तार फक्त १२ सेंमीची, लादीच्या रुंदीहून दोन्हीकडे सेंमीभर जास्त. तिच्या टोकांना फासे करून पुढे तंगूस बांधायची आणि भार तंगुशीला टांगायचा. तंगूस उष्णता जवळजवळ नेत नाही, त्यामुळे बाहेरची वाट बंद झाली. गाठ तिहेरी घालावी, ओली तंगूस साध्या गाठीतून निसटते.

आता तारा चार: तांबं, पोलाद (तंतुवाद्यांच्या दुकानात सुटी मिळते, घेताना स्क्रू गेजने मोजून ०.५ ची निवडावी), तंगूस, आणि १०० ग्रॅमवालं तांबं. बाकीच्या तिघींना ५ किलो.

१०० ग्रॅमवाली जागची हलली नाही. यावरून बाहेरची उष्णता खरंच थांबली हे कळलं. ही तार ठेवल्याशिवाय बाकी तारांच्या आकड्यांना अर्थ नाही. तांबं सगळ्यांत पुढे, पोलाद त्याच्या मागे, तंगूस तासाला तीन-चार मिमी. तिन्ही तारा सरळ उतरल्या, धनुष्य नाही. मागचा मार्ग पूर्ण गोठलेला. लादी नंतर त्या रेषेवर हाताने तोडायचा प्रयत्न केला तर ती भलतीकडेच फुटली.

दाब तिन्ही तारांखाली सारखा असून वेग वेगळा का? तारेखाली बर्फ वितळायला उष्णता हवी आणि वर पाणी गोठताना तीच उष्णता सुटते. ती वरून खाली तारेतूनच जाते. तांब्याची वाहकता सुमारे ४००, साध्या पोलादाची ५०, नायलॉनची ०.२५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बर्फाची स्वतःची २.२. म्हणून तंगुशीला उष्णता मुख्यतः आजूबाजूच्या बर्फातून वळसा घालून जाते. तांबं पोलादाच्या आठपट वेगाने मात्र जात नाही, कारण तारेभोवतीची पाण्याची पातळ साय दोघांनाही सारखीच आडवी येते.

वर्गात एकच तार दाखवायची असेल तर तांब्याची दाखवावी, पण शेजारी १०० ग्रॅमवाली हवीच.

२६ एप्रिल: तापमान थेट मोजायचं

तारेचा वेग दिसला, पण द्रवणांक किती उतरला हे त्यातून कळत नाही. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये ही घट हिशेबाने मांडली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ विल्यम (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी बर्फ-पाण्यावर दाब देऊन ती मोजली. तेच इथे साध्या साधनांत करायचं आहे.

सिलिंडर माइल्ड स्टीलचा, बाहेरून ४० मिमी, आत १६ मिमी, खोली ८० मिमी, तळ बंद. बाहेरून भिंतीत ८ मिमी खोल भोक, त्यात १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा सुटा भाग) थर्मल पेस्टमध्ये बसवलेला. पिस्टनला २.५ मिमी जाडीची नायट्राइल ओ-रिंग (पाणी गळू न देणारं रबरी कडं), खाच २ मिमी खोल. लेथवर पिस्टन आधी ०.३ मिमी सैल उतरला. भार येताच ओ-रिंग त्या फटीत दबून कुरतडली गेली. नवा पिस्टन ०.१ मिमी सैल ठेवला, मग टिकली.

थर्मिस्टरच का: स्वस्त डिजिटल थर्मामीटर एक अंशाने इकडेतिकडे सांगतात, आणि इथे अख्खा बदलच एका अंशाच्या आत आहे. १० किलोओहमचा थर्मिस्टर शून्याला ३२-३४ किलोओहम दाखवतो आणि दर अंशाला सुमारे ५ टक्के बदलतो. साडेतीन आकडी मल्टिमीटर १०० ओहमच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे ०.०६ अंश, तो पुरत नाही. साडेचार आकडी मीटरवर १० ओहम दिसतात. शून्याचं वाचन डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फ-पाण्यात घ्यावं, नळाच्या नाही.

३ मे: जॅक काढला, तरफ लावली

दाब द्यायला आधी गाडीचा बॉटल जॅक लावला होता. तो दोन कारणांनी बाद. दाब नेमका किती ते कळत नाही. आणि बर्फ वितळला की आकारमान घटतं, त्यामुळे दाब आपोआप उतरतो आणि सारखा पंप मारावा लागतो. टांगलेलं वजन मात्र खाली सरकत राहतं, दाब तोच ठेवतं.

तरफ: ४० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाइप, टेकू एका टोकाला, पिस्टन टेकूपासून १० सेंमीवर, वजन १०० सेंमीवर. दहापट. पाइपचं स्वतःचं वजन विसरू नये: अडीच किलोचा पाइप पिस्टनवर १३ किलोचा भार देतो.

टेकू लाकडी टेबलाला बोल्टने बसवला होता. २० किलो टांगताच टेकूवर वरच्या दिशेने १८० किलोची ओढ आली आणि फळी उचकटली. सिलिंडरची बैठक आणि टेकूचा खांब एकाच सव्वा मीटर लांब सी-चॅनलवर वेल्ड केले की दोन्ही जोर चौकटीतच मिटतात.

भरताना: अर्धा भाग बारीक बर्फाचा चुरा, बाकी गार डिस्टिल्ड पाणी, तारेने ढवळून बुडबुडे काढायचे. पिस्टन घालताना ओ-रिंगेशेजारी ०.३ मिमी तंगुशीचा तुकडा ठेवायचा. त्याच्या कडेने हवा निघून जाते, पाणी दिसलं की तुकडा ओढून घ्यायचा. हवा आत राहिली तर तरफेचं टोक खूप खाली जातं. ठीक भरलं असेल तर ते सेंमीभरच उतरतं. दबलेली हवा धोक्याचीही असते. भार असताना समोर जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

८ मे: वाचनं

पहिल्यांदा सिलिंडर बर्फ-पाण्याच्या भांड्यात उभा ठेवला होता. २० किलो लावल्यावर थर्मिस्टर थोडा उतरून तिथेच अडला. सिलिंडर बाहेर काढला तर त्याच्या अंगावर बर्फाचं पातळ, पारदर्शक कवच आलं होतं. आतला बर्फ दाबाखाली वितळताना थंड झाला, भिंत शून्याखाली गेली आणि बाहेरचं पाणी तिच्यावर गोठलं. वर्गात दाखवायला हे कवच उत्तम. मोजायला मात्र अडचण, कारण गोठणारं पाणी सिलिंडरला उष्णता देत राहतं.

म्हणून भांड्यात थंड करून घेतलेला सिलिंडर पुसून, हवेची फट सोडून, बर्फाने वेढलेल्या रिकाम्या डब्यात ठेवला. दर भाराला वाचन स्थिर होईपर्यंत थांबायचं.

फक्त तरफ: दाब ०.६३ मेगापास्कल, हिशेबाने उणे ०.०५.
१० किलो: ५.५ मेगापास्कल, हिशेबाने उणे ०.४१. भार वाढवताना उणे ०.३७ मिळालं.
२० किलो: १०.४ मेगापास्कल, हिशेबाने उणे ०.७७. मिळालं उणे ०.७१.
परत १० किलो, भार उतरवताना: उणे ०.४६.

तोच १० किलो, दोन वाचनं. फरक ओ-रिंगेच्या घर्षणाचा आहे. भार वाढवताना पिस्टन खाली सरकत असतो, घर्षण त्याला अडवतं आणि आतला दाब कमी भरतो. उतरवताना पाणी पुन्हा गोठतं, पिस्टन वर ढकलला जातो आणि घर्षण दाबात भर घालतं. सरासरी हिशेबाच्या आकड्यापाशी येते. म्हणून एकाच दिशेचं वाचन देऊ नये. ओ-रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावलं तर हा फरक कमी होतो. पाण्यात तेल मिसळू देऊ नये.

बर्फावर सरकणाऱ्याचं वजनच बर्फ वितळवतं, असं अजून सांगितलं जातं. ६० किलोचा माणूस, पात्याचा २० सेंमी × ३ मिमी भाग टेकलेला: दाब १ मेगापास्कल, उतार सात शतांश अंश. आपल्या तारेइतकाच. उणे पाच अंशांच्या बर्फावर तेवढ्याने काही वितळत नाही. तिथे घर्षणाची उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावरचा मुळातच सैल असलेला थर काम करतात.

१० मे: खर्च आणि देखभाल

तारेचा भाग तिनशेच्या आत: तार, तंगूस, पेटी, डिस्टिल्ड पाणी. तरफेचा भाग साडेचार हजारांपर्यंत गेला, त्यात निम्म्याहून जास्त लेथ आणि वेल्डिंगचे. साडेचार आकडी मीटर उसना घेतला होता, तो विकत घ्यावा लागला तर खर्च वाढेल. पिस्टन सैल झाल्यामुळे लेथची एक फेरी फुकट गेली. माप देताना 'सैल' असं न सांगता मिमीत लिहून द्यावं.

काम झालं की सिलिंडर लगेच रिकामा करून कोरडा पुसायचा आणि आत हलकं तेल. एका रात्रीत गंज धरतो, आणि गंजाच्या कणांनी ओ-रिंग ओरखडते. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल साबणाच्या पाण्याने पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळून घ्यायचं. विसळणं अपुरं राहिलं तर शून्याचं वाचनच खाली येतं, म्हणून भार लावण्याआधी ते दर वेळी तपासायचं.